पिकअपच्या पुढच्या डिस्क: परतवाडा-चिखलदरा फेरीच्या गाडीच्या कामाची वही

गाडी २०१५ ची डिझेल पिकअप. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक. हंगामात अचलपूर तालुक्यातल्या बागांतून संत्रा काढून परतवाड्याला पोचवते. एरवी आठवड्याला चिखलदऱ्याला किराणा, सिमेंट, पत्रे चढवते आणि उतरताना मोथ्याकडचे दुधाचे कॅन आणते.

२२ सप्टेंबर २०२४

चिखलदऱ्याहून धामणगाव गढीकडे उतरताना ब्रेक मारला की स्टेअरिंग थरथरतं. चढताना काही नाही. सपाटीवर चाळीसच्या आतही काही नाही. उतारावर गाडी पन्नाशीच्या आसपास असताना पाय ठेवला की आधी पॅडल पायाखाली ठोके देतं, मग स्टेअरिंग हातात नाचायला लागतं. पाय उचलला की सगळं शांत.

म्हणजे हे टायरचं किंवा बॅलन्सिंगचं दुखणं नाही. ते असतं तर ब्रेक न लावताही जाणवलं असतं. मागच्या ड्रमचंही नसावं, कारण ड्रम वाकडा झाला की सीटखाली आणि मागच्या फाळक्यात हादरा येतो, स्टेअरिंगमध्ये एवढा नाही. पुढचीच बाजू आहे.

पुढच्या दोन्ही डिस्क आणि पॅड गेल्या वर्षी होळीच्या आधी एका गॅरेजात नवे टाकून घेतले होते. तेव्हाही हीच तक्रार होती. काही महिने गाडी छान चालली आणि आता तेच परत आलं. दादा म्हणतो, माल डुप्लिकेट लागला असेल. असेलही, पण माल खोटा आहे हे मापाने ठरतं, रागाने नाही. या वेळी एकही पार्ट अंदाजाने बदलायचा नाही. आधी मोजायचं, मग खोलायचं, मग खरेदी.

घाटाची गाडी आहे. ब्रेकच्या कामात "चालून जाईल" हा शब्द मला सहन होत नाही.

२४ सप्टेंबर

सकाळी रिकामी गाडी अमरावती रोडला काढली. सोबत पुतण्या, आयटीआयला मोटर मेकॅनिकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ब्रेक शक्य तितका कमी वापरून काही किलोमीटर चालवली, शेवटी गाडी आपसूक वेग सोडू दिली आणि कडेला घेतली. मग उलट्या हाताने दोन्ही चाकांच्या रिमचा अंदाज घेतला. उजवं कोमट. डाव्याजवळ हात धरवेना.

"काका, डावं चाक ब्रेक न मारताच तापून राह्यलं," पुतण्या म्हणाला. बरोबर पकडलं. डावीकडचा पॅड डिस्कला सोडतच नाहीये.

याची तीन कारणं असू शकतात. कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा, ज्या पिनांवर सरकतो त्या जाम. किंवा कॅलिपरचा पिस्टन आत अडकतोय. किंवा रबरी होज आतून फुगून बंद होतोय: पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं, पण पाय सोडल्यावर परत येत नाही. होजची परीक्षा सोपी आहे. चाक जॅकवर घेऊन ब्रेक दाबला आणि सोडला. चाक जड फिरत होतं. मग कॅलिपरचा ब्लीड निपल, म्हणजे ऑइल बाहेर काढायचा स्क्रू, अर्धा आटा ढिला केला. होज दोषी असता तर अडकलेला दाब सुटून चाक मोकळं झालं असतं. झालं नाही. म्हणजे दाब अडकलेला नाही, लोखंड अडकलंय. पिन किंवा पिस्टन.

२९ सप्टेंबर

रविवार, पाऊस उघडला. कोठ्यासमोरच्या ओट्यावर काम घेतलं. आमच्याकडच्या काळ्या मातीत जॅक लावायचाच नाही. वरून सुकलेली दिसते, पण वजन आलं की जॅकचं बूड हळूहळू खाली जातं आणि गाडी कलते. खाली शहाबादी फरशी टाकली, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले, गाडी उचलून चेसिसखाली घोड्या दिल्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालायचा नाही, हे पुतण्याला वेगळं सांगावं लागलं नाही, याचं समाधान वाटलं.

चाक काढल्यावर आधी धूळ. कॉम्प्रेसरची हवा मारून ब्रेकची धूळ उडवण्याची सवय सगळ्या गॅरेजांत आहे आणि ती वाईट आहे. पॅडची बारीक भुकटी छातीत जाते, आणि जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉसही असू शकतं. साबणाचं पाणी शिंपडून चिंध्यांनी पुसून घेतलं.

कॅलिपर खोलून तारेने स्प्रिंगला टांगला. होजवर लोंबकळू द्यायचा नसतो.

आणि तिथेच निम्मं उत्तर मिळालं. डावीकडचा आतला पॅड ३ मिमी उरलाय, बाहेरचा ७ मिमी. एकाच पिस्टनच्या सरकत्या कॅलिपरमध्ये पिस्टन आतला पॅड दाबतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने अख्खा कॅलिपर सरकून बाहेरचा पॅड ओढतो. कॅलिपर सरकलाच नाही तर सगळं काम आतल्या पॅडवर येतं, आणि ब्रेक सोडल्यावर तो मागेही हटत नाही. पिना पाहिल्या. वरची बोटाने सरकते. खालची पक्कड लावूनही हलेना. तिचं रबरी बूट, म्हणजे धूळ अडवणारं टोपण, फाटलेलं, आत पांदणीतला गाळ जाऊन सुकलेला. शिवाय काळं चेसिस ग्रीस भरलं होतं. पेट्रोलियमचं ग्रीस या रबराला चालत नाही. रबर फुगतं आणि पिनेला आवळतं. आतली रबरी बुश फुगून बोटाएवढी जाड झाली होती.

पिस्टन मात्र हाताच्या क्लॅम्पने आरामात मागे गेला. त्याचं बूटही शाबूत.

आता डिस्क. तिची जाडी व्हर्नियरने सरळ मोजता येत नाही. पॅड घासतो त्या पट्ट्याच्या बाहेर कडेला न झिजलेली लिप उरते आणि व्हर्नियरचे जबडे त्या लिपवर टेकतात. माप फुगीर येतं. मायक्रोमीटर हाताशी नव्हता. मग एक-एक रुपयाची दोन एकसारखी नाणी घेतली. आधी ती एकमेकांवर ठेवून मोजली: २.९० मिमी. मग पुतण्याने एक नाणं डिस्कच्या आतल्या तोंडावर आणि एक बाहेरच्या तोंडावर, समोरासमोर, झिजलेल्या पट्ट्यात बोटाने दाबून धरलं आणि मी वरून व्हर्नियर लावला. नाण्यांमुळे जबडे लिपच्या वर राहतात. २३.२२ आलं. वजा २.९०, म्हणजे डिस्क २०.३२.

डिस्कच्या टोपीवर, म्हणजे मधल्या उंचवट्यावर, वायर ब्रश मारला तेव्हा ओतीव अक्षरं दिसली. किमान जाडी २० मिमी. नवी २२ ची असते. हे माप बहुतेक डिस्कवर कुठे तरी कोरलेलं असतं, कडेवर किंवा टोपीवर. ते वाचल्याशिवाय "अजून चालते" किंवा "संपली" म्हणण्यात अर्थ नाही.

३० सप्टेंबर

परतवाड्याच्या लेथवाल्याकडून डायल गेज, चुंबकाचा स्टँड आणि मायक्रोमीटर मागून आणला. त्याने कारण विचारलं आणि ऐकून स्वतःच दिला, संध्याकाळपर्यंत परत करायच्या बोलीवर.

आधी हबच्या, म्हणजे चाक आणि डिस्क ज्यावर बसतात त्या भागाच्या, बेअरिंगची ढिलाई काढली, नाहीतर डायल गेज बेअरिंगचा खेळ मोजतो आणि आपण डिस्कला दोष देतो. स्टँड नकलवर (हबमागच्या, चाकाबरोबर न फिरणाऱ्या लोखंडावर) चिकटवला, गेजचं टोक डिस्कच्या कडेपासून साधारण १० मिमी आत टेकवलं आणि डिस्क हाताने सावकाश फिरवली.

डावीकडे काटा ०.१६ मिमीच्या पट्ट्यात हलतो. उजवीकडे ०.०६. बहुतेक गाड्यांना ०.१० च्या आत मागतात, काहींना त्याहून कमी. मग मायक्रोमीटरने डावीकडे गोल फिरत आठ ठिकाणी जाडी घेतली. कुठे २०.२९, कुठे २०.३३. उजवीकडे सगळीकडे २०.८८ ते २०.८९.

आता सगळं जुळलं, ते नीट लिहून ठेवतो. आमच्याकडे ब्रेक थरथरला की सगळे म्हणतात, "डिस्क वाकली." ओतीव लोखंडाची एवढी जाड डिस्क सहसा वाकत नाही. ती तिरकी बसते. तिरकी फिरणारी डिस्क ब्रेक न लावताही दर फेऱ्याला एका बाजूने आतल्या पॅडला आणि अर्ध्या फेऱ्यानंतर बाहेरच्या पॅडला हलकीच शिवते. हजारो किलोमीटर हा स्पर्श चालला की त्या दोन जागा बाकीच्यापेक्षा पातळ होतात. मग ब्रेक लावल्यावर पॅडखालून जाड-पातळ, जाड-पातळ जातं, पिस्टन मागेपुढे ढकलला जातो, ऑइलमार्फत तो धक्का पायात येतो. जाडीतला ०.०२ मिमीचा फरकही पायाला कळतो. आमच्याकडे ०.०४ आहे.

म्हणूनच नवी डिस्क टाकली तेव्हा गाडी काही महिने छान चालली. तिरकेपणा पहिल्या दिवसापासून होता, जाडीतला फरक मागाहून तयार झाला. डावीकडचा कॅलिपर जाम होता, त्यामुळे तो आणखी लवकर झाला.

राहिला प्रश्न: तिरकी का बसली? ते हब उतरवल्यावरच कळेल.

२ ऑक्टोबर

लेथवर फिरवायची की नवी घ्यायची, याचा विचार. साधनं परत करायला गेलो तेव्हाच लेथवाल्याला मापं दाखवली होती. तो म्हणाला, "भाऊ, मी फिरवून देतो, माह्या मजुरीचं काही नाही. पण दोन्ही तोंडाले पाव-पाव मिलिमीटर जाईन. मंग उरते किती ते तुम्हीच पाहा." उरतात १९.८. कोरलेल्या मापाच्या खाली. धंदा सोडून खरं सांगणारा माणूस आहे.

पातळ डिस्कमध्ये नुसती ताकद कमी होते असं नाही. उष्णता साठवायला लोखंडच कमी उरतं, त्यामुळे तेवढ्याच उतारावर ती जास्त तापते. सपाटीवरच्या गाडीला कदाचित चाललं असतं. घाटात नाही.

आणखी एक. लेथवर डिस्क लेथच्या चकशी समांतर कापली जाते. हबवर बसताना मध्ये काही अडकलं असेल तर ती कितीही सरळ कापा, गाडीवर तिरकीच फिरेल.

दादाचं म्हणणं पडलं, उजवीकडची २०.८८ आहे, ती राहू दे, एकच आण. पैशाच्या दृष्टीने बरोबर आहे. पण एका धुरीवर एक डिस्क नवी आणि एक झिजलेली, एकीकडे नवे पॅड घट्ट पकडणार, दुसरीकडे जुने, आणि गाडी ब्रेकला एका बाजूला ओढणार. घाटाच्या वळणावर ते नको. दोन्ही घ्यायच्या. उजवीकडची चांगली जुनी डिस्क तेल लावून ठेवायची, अडीअडचणीला.

५ ऑक्टोबर

नवरात्र असल्याने अमरावतीला गर्दी, तरी सामान मिळालं. दोन डिस्क, पुढच्या पॅडचा संच, पिनांची रबरं आणि बुशचा किट, दोन ऑइल सील, स्प्लिट पिना, सिलिकॉन ग्रीसची ट्यूब, व्हील बेअरिंगचं ग्रीस, डॉट ४ ब्रेक ऑइलचे दोन सीलबंद डबे. दुकानात डिस्क घेताना जुन्याशी व्यास, टोपीची उंची आणि बोल्टची छिद्रं ताडून पाहिली. दिसायला सारख्या पण टोपीची उंची वेगळी असलेल्या डिस्क येतात, आणि मग डिस्क कॅलिपरच्या मध्यावर बसत नाही.

घरी आल्यावर एक डिस्क संत्र्याच्या क्रेटच्या काट्यावर ठेवली. ८.६ किलो. त्यावरून पुतण्याने संध्याकाळी हिशोब मांडला. तो इथे उतरवून घेतो, कारण घाटातल्या प्रत्येक ड्रायव्हरने तो एकदा पाहावा असं मला वाटतं.

चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर. पायथ्याशी परतवाडा धरला तर उतार ७०० मीटरच्या आसपास. माल धरून गाडी २,९०० किलो. वजन गुणिले ९.८ गुणिले उंची: साधारण २ कोटी ज्यूल, म्हणजे २०,००० किलोज्यूल. ही सगळी ऊर्जा खाली पोचेपर्यंत कुठे तरी उष्णता होऊन जायलाच हवी. एक किलो ओतीव लोखंड एक अंशाने तापायला सुमारे अर्धा किलोज्यूल लागतो. दोन डिस्क मिळून १७.२ किलो, म्हणजे अंशाला ८.६ किलोज्यूल. भागाकार केला तर २,३०० अंशांच्या वर जातो. ओतीव लोखंड १,२०० अंशांच्या आसपास वितळतं.

अर्थात तसं होत नाही. मागचे ड्रम वाटा उचलतात, वारा डिस्क थंड करतो, टायरचा विरोध असतो. आणि सर्वांत मोठा वाटा इंजिन उचलू शकतं, गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवली तर. पण न्यूट्रल करून उतरणारा ड्रायव्हर इंजिनचा वाटाही डिस्कवर टाकतो. हे लोक डिझेल वाचवायला करतात. आजच्या डिझेल इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना आणि रेसवरून पाय उचललेला असताना इंजेक्टर डिझेल सोडणंच बंद करतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन सुरू ठेवायला डिझेल लागतं. म्हणजे वाचत काहीच नाही, आणि जीव डिस्कवर टांगला जातो. चढताना जो गिअर लागला, त्याच गिअरमध्ये उतरायचं. जुने एसटीचे ड्रायव्हर हेच सांगायचे.

६ ऑक्टोबर

मुख्य काम. डावी बाजू.

आमच्या गाडीत डिस्क हबला मागून बोल्टने बसते, म्हणून डिस्क काढायची तर अख्खा हब उतरवावा लागतो. काही गाड्यांत डिस्क हबवर नुसती सरकवलेली असते. तिथे काम अर्ध्या तासाचं. इथे तसं नाही.

डस्ट कॅप काढली, स्प्लिट पिन ओढली, नट सोडला, वॉशर आणि बाहेरचं बेअरिंग स्वच्छ कागदावर काढून ठेवलं. मग हब डिस्कसकट हातात आला. डिस्क आणि हबवर पंच मारून खूण केली. बोल्ट गंजलेले होते. आदल्या रात्री त्यांवर गंज सोडवणारं ऑइल मारून ठेवलं होतं, तरी लांब टॉमी लावून पुतण्याने आणि मी मिळून सोडवले. एकाचं डोकं गोल झालं, त्यावर छोटा पाना ठोकून बसवून काढला.

डिस्क वेगळी झाली आणि कारण समोर आलं. हबच्या ज्या तोंडावर डिस्क बसते तिथे एका बाजूला, चंद्रकोरीच्या आकारात, गंजाचा जुना पापुद्रा चिकटलेला. तो इतका दाबला गेला होता की वरून काळा आणि गुळगुळीत झाला होता, नखाने उचकटला तर लाल पूड निघाली. उलट बाजूचं लोखंड स्वच्छ. म्हणजे मागच्या वेळी जुनी डिस्क काढली, नवी त्याच गंजावर ठेवली आणि बोल्ट आवळले.

पापुद्र्याचा एक तुकडा सलग निघाला. मायक्रोमीटर परत दिलेला होता, म्हणून व्हर्नियरमध्येच धरला: ०.०८ मिमी. हबचं तोंड १४० मिमी व्यासाचं. डायल गेज आम्ही लावला होता तो सुमारे २६० मिमी व्यासावर. १४० वर ०.०८ उचललं गेलं तर २६० वर जवळपास ०.१५. गेजने ०.१६ दाखवलं होतं. दोन आकडे इतके जवळ आल्यावर पुतण्या आणि मी एकमेकांकडे बघतच राहिलो. नव्या डिस्क, नवे पॅड, तो सगळा खर्च या पापुद्र्यापायी वाया गेला.

हबचं तोंड वायर ब्रशने आणि नंतर पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून साफ केलं. ग्राइंडर लावला नाही. ग्राइंडर गंज आणि लोखंड यांत भेद करत नाही आणि एकदा तोंडावर खड्डा पडला की हबच बदलावा लागतो. स्वच्छ झाल्यावर लोखंडी पट्टी आडवी धरून फिलर गेजची सर्वांत पातळ पट्टी कुठे शिरते का पाहिलं. कुठेच शिरली नाही. नव्या डिस्कचं बसायचं तोंडही पुसलं. नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर असतो. तो साबणाच्या गरम पाण्याने धुऊन, पुसून, लगेच उन्हात वाळवला. हा थर तसाच ठेवून डिस्क बसवली तर तेल पॅडमध्ये मुरतं आणि पॅड कायमचा वाया जातो.

बोल्ट आडव्या क्रमाने, एक इकडचा एक समोरचा, दोन टप्प्यांत, टॉर्क पान्याने मॅन्युअलात दिल्याएवढे.

बेअरिंग रॉकेलमध्ये धुतले. एकेक रोलर उजेडात फिरवून पाहिला: निळसर डाग नाही, खवले नाहीत. पूर्ण वाळल्यावर तळहातावर ग्रीस घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत राहिलो, दुसऱ्या बाजूने ग्रीस डोकावेपर्यंत. वरवर फासलेलं ग्रीस रोलरपर्यंत पोचत नाही. मागचं ऑइल सील नवं. हब चढवला, नट आवळताना हब फिरवत राहिलो म्हणजे रोलर जागेवर बसतात, मग नट ढिला करून मॅन्युअलप्रमाणे हलकाच बसवला. स्प्लिट पिन नवीच.

डायल गेज आज पुन्हा मागून आणला होता. पहिलं माप ०.०९. मर्यादेत आहे, पण समाधान होईना. बोल्ट सोडून डिस्क हबवर एक छिद्र पुढे फिरवली आणि पुन्हा आवळली. हब आणि डिस्क दोघांतही थोडा थोडा वाकडेपणा असतो. एका जागी ते एकमेकांत मिळतात, दुसऱ्या जागी एकमेकांना खातात. आता ०.०४. हब पुन्हा काढण्यात तासभर गेला, तो सार्थकी लागला.

पिनांची भोकं स्वच्छ केली, जुनी बुश आकड्याने ओढून काढली, नवी रबरं घातली, पिनांना सिलिकॉन ग्रीस अगदी पातळ. आता दोन्ही पिना एका बोटाने सरकतात. पॅड बसतात त्या पट्ट्यांवरचा गंजही काढला. पॅडचे कान तिथे अडकले तरी पॅड मागे येत नाही.

७ ऑक्टोबर

उजवी बाजू. हबवर गंज होता पण सगळीकडे सारखा, म्हणून ती डिस्क सरळ चालली. साफ करून नवी बसवली. पहिल्याच मापात ०.०५. जुनी डिस्क माप आणि तारीख खडूने लिहून, तेल लावून पोत्यात गुंडाळली.

८ ऑक्टोबर

ब्रेक ऑइल. गाडीतल्या डब्यातलं जुनं ऑइल कोऱ्या चहासारखं काळपट झालं होतं. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि पाणी शिरलं की लवकर उकळतं. डॉट ३ ताजं असताना किमान २०५ अंशांना उकळतं, पाणी मुरलेलं १४० ला. डॉट ४ ताजं २३०, मुरलेलं १५५. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात, आणि पॅडल फळीला टेकतं तरी ब्रेक लागत नाही. उताराच्या शेवटी "ब्रेक फेल झाला" म्हणतात, त्यांतल्या कित्येकांचं मूळ हे आहे.

मास्टर सिलिंडरपासून (पॅडल दाबल्यावर ऑइल ढकलतो तो) सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून चारी चाकांतून जुनं काढलं, स्वच्छ पिवळसर येईपर्यंत. पुतण्या पॅडलवर, मी निपलपाशी. "दाब... धर... सोड." निपल बंद झाल्याशिवाय पाय उचलायचा नाही, एवढंच पथ्य. बंपरवर सांडलेले थेंब ताबडतोब पाण्याने धुतले, रंग खातात. उघडा डबा पुढच्या वर्षासाठी ठेवायचा नाही.

९ ऑक्टोबर

पॅड आणि डिस्क यांची ओळख करून देणं. पहाटे रस्ता रिकामा असताना साठपर्यंत नेऊन मध्यम जोराने दहापर्यंत उतरवायची, पूर्ण थांबवायची नाही, परत उचलायची. असं दहाएक वेळा. मध्ये तापलेल्या ब्रेकवर पाय ठेवून उभं राहायचं नाही, कारण गरम पॅडचा मसाला एकाच जागी डिस्कला चिकटतो आणि तिथून पुन्हा थरथर सुरू होते. शेवटी पाच-सात किलोमीटर ब्रेक न लावता चालवून थंड केली. डिस्कवर सगळीकडे सारखी राखाडी झाक आली. दोन्ही चाकांची उष्णता सारखी. गाडी सरळ थांबते.

१२ ऑक्टोबर

दसरा. गाडी धुतली, झेंडूचा हार घातला. पान्यांचीही पूजा केली. वहिनीने चाकावर तेल-हळद घालायच्या आधी विचारलं, तेव्हा टायरवर लावायला सांगितलं, डिस्ककडे नाही. संध्याकाळी व्हील नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासले. एक किंचित बसला होता.

१९ ऑक्टोबर

मालासह घाट. वर सिमेंट, खाली दुधाचे कॅन आणि दोन कुटुंबांचं सामान. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरलो. ब्रेक सतत धरून न ठेवता वळणाआधी नीट दाबायचा आणि सोडायचा, म्हणजे मध्ये डिस्कला वारा लागतो. स्टेअरिंग स्थिर, पॅडल शेवटपर्यंत कडक. पायथ्याशी थांबून पाहिलं, दोन्ही चाकं सारखीच गरम. दूधवाले काका म्हणाले, "आज गाडी लय शांत उतरली बा." त्यांना कामाचं काही माहीत नव्हतं.

रात्रभर दवात उभी राहिल्यावर सकाळी डिस्कवर लालसर गंज दिसला. तो वरवरचा असतो, पहिल्या चार-पाच ब्रेकांत पुसला जातो. गावात दोघांनी घाबरून दाखवला म्हणून लिहून ठेवतो.

१० नोव्हेंबर

आंबिया बहाराची तोड जोरात आहे, गाडी रोज पांदणीत. तरी चाकं खोलून मोजलं. डावीकडे ०.०४, उजवीकडे ०.०५, जसंच्या तसं. दोन्ही डिस्कच्या जाडीत मायक्रोमीटरला फरक सापडत नाही. डावीकडचे आतला आणि बाहेरचा पॅड सारखे झिजताहेत. खालच्या पिनेचं नवं बूट शाबूत; त्यावरचा गाळ धुऊन काढला.

पुढचं काम मागच्या ड्रमचं. हँडब्रेक दोन दाते जास्त वर येतो. शूज मोजायचे आणि व्हील सिलिंडरची रबरं उचलून आत ओल आहे का पाहायचं. गाडीला आठ वर्षं उलटली, आता फिटनेस दर वर्षी लागतं. त्याच्या तारखेआधी हे उरकायचं आहे.